कोंबडीचं बूच

रविवारी आमच्याकडे कोंबडी असली की आई पाण्याच्या पातेल्यात मोटारीचं बूच टाकायची. हे वाचून हसायचं त्यांनी हसावं. लोणावळ्याला खंडाळ्याच्या रस्त्यावर आमचं गॅरेज होतं, गॅरेजच्या मागे आमच्या दोन खोल्या आणि त्यांच्या मागे पत्र्याची पडवी. पडवीत चूल. कोंबडीची पिसं काढायची तर पाणी नेमकं तापलेलं लागतं. कमी तापलं तर पिसं हटून बसतात आणि उकळी फुटली तर पिसांबरोबर कातडीही निघून येते. आईला हे बोटाने कळायचं, पण बोट पोळायचं. मग तिला या बुचाचा शोध लागला. पितळेचं, पेल्याच्या बुडाएवढं, खाली नळकांड्यासारखी घड्यांची डबी आणि वर झाकण. गार पाण्यात ते मिटलेलं असायचं. पाणी चांगलं चटका देण्याइतकं तापलं की डबी आपोआप ताणायची आणि झाकण वर उचललं जायचं. मी चुलीपुढे उकिडवी बसून त्याच्याकडे बघत राहायची आणि झाकण हललं की ओरडायची, "आई, डोळा उघाडला." मग आई कोंबडी बुडवायची. आमच्या कोंबडीच्या कातडीला कधी चिरा पडल्या नाहीत.

ही बुचं यायची आबांकडून. आबा म्हणजे माझे वडील. पहिल्या महायुद्धात ते ड्रायव्हर म्हणून इराकात बसऱ्याला गेले होते आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी बसऱ्यावर काढलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी बसऱ्याचा दाखला निघायचा. उन्हात पत्रा पोळतोय, पाणी मिळत नाही, अशा मुलखात त्यांनी लॉऱ्या चालवल्या आणि परत आले ते मोटारमेकॅनिक होऊन. त्या काळच्या लॉऱ्यांच्या इंजिनात असलं बूच नसायचंच. नंतरच्या नव्या गाड्यांत ते येऊ लागलं. इंजिनातून वरच्या बाजूला जो रबरी पाइप रेडिएटरकडे जातो, त्याच्या तोंडाशी ते बसवलेलं असायचं. आबांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हाच ठरवून टाकलं की ही विलायतेतली चैन आहे. तिकडे बर्फ पडतं, इकडे घाटात गाड्या उकळतात. पाण्याच्या वाटेत बूच कशाला ठोकायचं? मुंबईच्या बंगलेवाल्यांची नवी गाडी गॅरेजात आली की आबा सगळ्यात आधी पाइपाच्या तोंडावरचं झाकण खोलायचे, बूच काढायचे, पाइप परत आवळायचे आणि मालकाला सांगायचे, "आता घाटात फिकीर न्हाई." मालक खूश. काढलेलं बूच बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचं आणि तो डबा आईच्या पडवीत, सुकटीच्या मडक्याशेजारी. आमच्या भागातल्या बहुतेक मिस्त्र्यांची रीत हीच होती, एकट्या आबांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मी त्यांचीच मुलगी, तेव्हा दोष मी त्यांनाच देणार.

सखामामा आमच्याकडे आला तेव्हा मी परकर नेसत होते. आईचा हा धाकटा भाऊ, भाजे गावचा. घरी शेत होतं, पण मोठे दोघे भाऊ ते बघत होते आणि सखाचा जीव मोटारीत. आईने आबांच्या मागे लागून त्याला गॅरेजात आणलं. येताना त्याने खांद्यावर भाताचं पोतं आणलं होतं, ते बघून आबा म्हणाले, "भाडं आदीच आनलंस व्हय रं." सगळे हसले, मामाही हसला. पण बहिणीच्या घरी राहणाऱ्या भावाची जागा त्या एका वाक्यात आखली गेली. तो गॅरेजातच झोपायचा, पहाटे उठून हँडल मारून गाड्या चालू करायचा. ती खडखड, मग इंजिनाची ठसक आणि मागून घाट चढणाऱ्या आगगाडीच्या दोन इंजिनांच्या शिट्ट्या, हे ऐकत आम्ही जागे व्हायचो. मला घरात सगळे "ए" म्हणायचे. मामा मला "हौसाबाई" म्हणायचा. एवढ्यावरच मी त्याची झाले.

लोणावळ्याचा पावसाळा ज्याने काढला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. चार महिने धुकं दारातून आत येतं. कपडे निखाऱ्यावर टोपलं पालथं घालून त्याच्यावर वाळवायचे, पिठाला वास सुटायचा, लाकडं फुंकून फुंकून आईचे डोळे लाल. हुलग्याचं माडगं पितळीत ओतलं की पहिल्या घोटाला गरम आणि तिसऱ्याला गार. अशा हवेत गाड्या चालायच्या. एके दिवशी आबा आणि मामा शेठची गाडी घेऊन कार्ल्यापर्यंत जाऊन आले. हे शेठ म्हणजे आमच्या गॅरेजच्या जागेचे मालक. गॅरेज, मागच्या दोन खोल्या, पडवी, सगळं त्यांच्या बंगल्याच्या आवारातलं. त्यांची गाडी वर्षभर आमच्याकडेच असायची आणि त्यांच्या ओळखीच्या बंगलेवाल्यांच्या गाड्याही त्यांच्या शब्दावर यायच्या. तर गाडी आत घेतल्यावर आबांनी रेडिएटरवर हात ठेवला आणि अभिमानाने म्हणाले, "बघ सखा, कशी गार हाय. धा मैल पळून आल्यागत वाटतीया का?" मामाने हात ठेवला. बराच वेळ ठेवला. म्हणाला, "दाजी, लय गार हाय." आबांना वाटलं, पोरगा तारीफ करतोय.

मामा तारीफ करत नव्हता. त्या पावसाळ्यात त्याला एक गोष्ट खटकत होती. तेल घालायचं टोपण उघडलं की आतल्या बाजूला पांढरट चिकट साय जमलेली असायची. तेल काढलं की ताकात कालवल्यासारखं निघायचं. आबा म्हणायचे, लोणावळ्याची हवाच ओली, तेलाला पण पाणी सुटतं. पण टांगेवाल्यांच्या वंगणाच्या डब्यात असं काही होत नव्हतं, तेही याच हवेत. आणि गाड्या निळा धूर सोडायला लागल्या होत्या, नव्या गाड्या. एका रविवारी तो कोंबडी सोलायला पडवीत बसला होता. मी नेहमीसारखी ओरडले, "डोळा उघाडला." मामाने पातेल्यात वाकून पाहिलं. मग त्याने चिमट्याने ते बूच काढलं, गार पाण्यात टाकलं, मिटलेलं पाहिलं, परत गरम पाण्यात टाकलं. आई म्हणाली, "आरं, कोंबडी र्‍हायली." तो म्हणाला, "आक्का, तुला याचं काम कळलं. दाजीला न्हाई."

मग त्याने मला आणि आईला जे सांगितलं ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. इंजिन गार असतं तोवर हे मिटलेलं. पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं, रेडिएटरकडे जात नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. पुरतं तापलं की डोळा उघडतो आणि पाणी रेडिएटरात निवायला जातं. फार निवलं की परत मिटतो. "आपुन ह्ये काढलं, म्हंजे पानी पहिल्यापास्नं रेडिएटरात. ह्या गारठ्यात इंजिन तापतच न्हाई. न जळलेलं पेट्रोल भिंतीवरनं खाली गळतं, तेल धुऊन काढतं. आक्का, भात चढवून तू वरनं सारखं गार पानी घालतीस का? मग भात शिजंल कसा?" आई कोंबडी भाजत होती. ती एवढंच म्हणाली, "जेवताना बोलू नगंस. त्यांचं जेवान होऊ दे."

पण तो जेवतानाच बोलला. आबांना म्हणाला, उन्हाळ्यात घाटासाठी काढा हवं तर, पण पावसाळ्यात एका तरी गाडीत परत घालून बघू, शेठच्याच गाडीत. आबांनी हातातला तुकडा खाली ठेवला. "घाटात गाडी उकळली तर?" "दाजी, तापल्यावर त्यो उघडतोच की. कोंबडीच्या पान्यात दर ऐतवारी बघतोय आमी." कोंबडीचं नाव काढायला नको होतं. आबा उठूनच उभे राहिले. "बसऱ्याला लाटसायबाच्या गाड्या चालवल्या म्या. आन तू मला कोंबडीच्या पान्यातनं शिकवतोस? माझ्याच ताटात जेवून?" मामाचा हात ताटातच राहिला. आई परातीतलं पीठ मळत राहिली, भाकरी तव्यावर असताना दुसरं पीठ मळायची काही गरज नव्हती. मामाने ते ताट संपवलं नाही. त्यानंतर तो पुन्हा त्या विषयावर आबांशी बोलला नाही, आणि बुचं डब्यात जात राहिली.

आज इतक्या वर्षांनी मी याचा विचार करते तेव्हा आबांच्या चुकीचा मला तितकासा राग येत नाही. चूक शिकलेल्यांचीही होते. परवा सोमाटण्याजवळ माझ्या नातवाची गाडी गरम झाली, रस्त्याकडेच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून सांगितलं, "थर्मोस्टॅट काढूनच टाका साहेब, आपल्याकडं लागत नाही." थर्मोस्टॅट म्हणजे तेच आमचं बूच. मी मागच्या सीटवर बसून हसले तर नातवाला वाटलं, आजीला ऊन लागलं. चूक अशी पिढ्या ओलांडते. मला राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर शेठच्या गाडीने घाटात दम तोडला. उकळून नव्हे, गाडी गारच होती. तिच्यात ओढच उरली नव्हती. शेठनी ती दुसऱ्या गाडीला बांधून मुंबईला नेली आणि दसरा झाल्यावर एका सकाळी ते टांग्यातून गॅरेजात उतरले. आबा हात पुसत पुढे झाले. शेठ खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "कारखान्यात इंजिन उघडलं. दोन वर्षांच्या गाडीचे सिलिंडर म्हाताऱ्या गाडीसारखे झिजलेत. आतला थर्मोस्टॅटच गायब आहे. इंजिन कायम थंड चाललं म्हणून असं झालं, असं तिथला माणूस म्हणतो. कोणी काढला तो?" आबा चिंध्यांच्या बोळ्याने हात पुसत होते. हात केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी पुसत होते. वर्षभरापूर्वी हेच वाक्य त्यांना त्यांच्या ताटासमोर ऐकवलं गेलं होतं, ते त्यांना आठवलं असणार, कारण त्यांनी मामाकडे पाहिलं. आणि मग म्हणाले, "ह्यो माझा म्हेवना, साहेब. गावाकडनं आलाय. मी घाटात असताना यानं हात घातला आसंल. पोरांचे हात शिवशिवत्यात."

मामा जॅकशी बसला होता तो उभा राहिला. त्याने आबांकडे पाहिलं. शेठ म्हणाले, "काय रे, तू काढलास?" तो माजघराच्या दाराकडे बघत होता. तिथे आई चहाची कपबशी घेऊन उभी होती, पदर कपाळापर्यंत. शेठना ही जागा माहीत होती, माणसंही माहीत होती. त्यांनी तिलाच विचारलं, "बाई, तुमचा भाऊ ना हा? यानंच काढला का?"

"व्हय," आई म्हणाली. "यानंच."

बशीतला कप वाजला नाही की तिचा आवाज हलला नाही. मीठ संपलं का विचारल्यावर जसं म्हणतात तसं ती म्हणाली. मी मात्र पडवीत पळाले, बिस्किटांचा डबा उचलला आणि शेठच्या पायांपुढे उपडा केला. पितळेची सगळी बुचं मातीत गडगडली. मी म्हणाले, "ही समदी आबांनी काढल्याती. मामा यायच्या आदीपास्नं हाईत." माझा आवाज किती मोठा निघाला होता ते आबांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. शेठनी खाली वाकून एक बूच उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि ते माझ्या हातात न देता आबांच्या हातात दिलं. "पोर मामाची लाडकी दिसते," ते म्हणाले आणि हसले.

त्यांनी माझं ऐकलं नाही असं मी कित्येक वर्षं समजत होते. मग माझं वय वाढलं आणि कळलं की ऐकलं, चांगलं ऐकलं. मातीत पडलेली ती बुचं आंधळ्यालाही दिसली असती. पण लोणावळ्यात हाताला वळण असलेले मिस्त्री किती होते? आबांना काढलं असतं तर उद्यापासून बंगल्यांच्या गाड्या कोण बघणार होतं? मेव्हणा मात्र कोणालाही परवडतो. शेठ जाताना म्हणाले, "याला पुन्हा माझ्या गाड्यांपाशी पाहिलं तर ही जागा रिकामी करून घेईन." आबा "जी" म्हणाले. चहा तसाच गार झाला.

मामा त्याच दुपारी गेला. आईने भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली. ते फडकं त्याने दाराच्या खुंटीला अडकवलं आणि रेल्वेच्या कडेने मळवलीच्या, म्हणजे भाज्याच्या स्टेशनच्या, दिशेने चालू लागला. मी फाटकापर्यंत गेले. तो म्हणाला, "हौसाबाई, मागं फिर. आक्का एकटी हाय." आक्का एकटी आहे हे त्याला तेव्हाही सुचलं, याचा मला फार राग आला. पुढे माझं लग्न होऊन मी तळेगावला गेले, मुलं झाली, आणि एकदा भाज्याला गेले तेव्हा मी त्याला विचारलं की आबांना माफ केलंस का. तो बांधावर बसून विळ्याला धार लावत होता. म्हणाला, "दाजीचं काय घिऊन बसलीस. त्यांची पोटापान्याची जागा व्हती ती. आक्का गप बसली आसती ना, तरी म्या समजून घेतलं आसतं. गप बसायला काय लागत व्हतं?" विळा पुन्हा दगडावर फिरू लागला. मोटारीला त्याने त्यानंतर हात लावला नाही.

पण खरं विष अजून पुढेच आहे. मामा गेल्यावर आठवडाभरात आबा पडवीत आले, डबा उचलला आणि गॅरेजात घेऊन गेले. एकेक गाडी घेत त्यांनी बुचं परत बसवायला सुरुवात केली. कोणती कुठली ते त्यांच्या बरोबर लक्षात होतं, हात सोन्याचा होता त्यांचा, तो मी नाकारत नाही. गावातल्या डॉक्टरांची गाडी आली तेव्हा मी खिडकीत होते. डॉक्टरांनी विचारलं, आता हे परत कशाला? आबा म्हणाले, "साहेब, हितल्या गारठ्यात इंजिन तापलं पायजे. भात चढवून वरनं कुनी गार पानी घालतं का? बसऱ्याला गोऱ्या साहेबानं शिकवलं मला ह्ये." डॉक्टर म्हणाले, वा. आई आत तांदूळ निवडत होती. सुपातला हात क्षणभर थांबला आणि परत चालू लागला. त्या हिवाळ्यापासून आबांचं नाव झालं. गार हवेत गाडी कशी ठेवावी ते लोणावळ्याच्या मिस्त्रीला विचारावं, असं कामशेतपर्यंत लोक म्हणायचे. ते वारले तेव्हाही कोणीतरी हेच म्हणालं आणि मी उठून बाहेर गेले.

डबा गेल्यानंतरच्या रविवारी कोंबडी होती. आईने पाणी बोटाने पाहिलं, अंदाज चुकला, पिसांबरोबर कातडी फाटून निघाली. आबा जेवताना म्हणाले, "आज कोंबडी अशी काय झाली?" आई म्हणाली, "झाली."

मग दिवाळी आली. आईने करंज्या केल्या, अनारसे केले, जे मामाला आवडायचं ते सगळं केलं. भाऊबीजेला तिने सकाळपासून पाट मांडून ठेवला, भोवती रांगोळी काढली. दुपारी पाटावरची धूळ पुसली. भाजे काही लांब नव्हतं, मळवलीची गाडी तर तासाभरातच यायची. प्रत्येक गाडीच्या शिट्टीला ती रस्त्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघायची. सांगायला बरं वाटत नाही, पण मला वाटत होतं की मामाने येऊ नये. तो आला असता तर सगळं झाकलं गेलं असतं, आणि मला ते झाकायला नको होतं. तो आला नाही. दिवस कलला तेव्हा आबा म्हणाले, "ज्यांला भाऊ न्हाई त्या चंद्राला ओवाळत्यात. उरकून घे. चंद्र बुडंल."

आई तबक घेऊन गॅरेजच्या मोकळ्या जागेत गेली. डोंगरावर नखाएवढा चंद्र होता. दोन्ही बाजूला गाड्या उभ्या, त्यातल्या एकीचं इंजिन आबांनी तापवायला चालू ठेवलं होतं, ते छान संथ चालत होतं, धूर नव्हता. आईने निरांजन वर उचललं, अक्षता टाकल्या, सुपारी ओवाळली. शेजारच्या चाळीत नुकतेच राहायला आलेले रेल्वेचे गार्ड होते, त्यांची बायको कुंपणापाशी उभी होती. तिला आमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. तिने सहज, आपुलकीने विचारलं, "भाऊ नाही का हो तुम्हाला?"

आईने तबक खाली केलं नाही, मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. शेठना "व्हय" म्हणाली होती त्याच आवाजात ती म्हणाली, "न्हाई."